आउटडोअर रेकी: जागा दिवसभर कशी वागते ते बघा

विद्यार्थी फिल्मची रेकी, म्हणजे शूटआधी जागा बघून येणं, बहुतेक वेळा छान दिसणाऱ्या जागा शोधण्यातच संपते. खरं तर तो सगळ्यात सोपा भाग. कॅमेऱ्यात चांगली दिसेल अशी जागा तासाभराच्या भटकंतीत सापडते. तीच जागा सकाळी सातला, दुपारी एकला आणि संध्याकाळी पाचला कशी वागते, ऊन कुठून शिरतं, आवाज कधी चढतो, माणसं कधी जमतात, हे कळायला मात्र पुन्हा पुन्हा जावं लागतं. मोठ्या निर्मितीत जागेतला दोष पैशाने झाकता येतो. वर भलंमोठं डिफ्यूजन, म्हणजे ऊन मऊ करणारं पांढरं कापड, ताणतात, रस्ता अडवतात, संवाद नंतर स्टुडिओत डब करतात. विद्यार्थ्यांच्या युनिटकडे दोन रिफ्लेक्टर (उजेड परतवणारे फलक), एक बूम (लांब काठीवरचा माइक) आणि मित्रांची मेहेरबानी एवढंच असतं. म्हणून जागाच अशी निवडावी लागते की निम्म्या सामानाचं काम तीच करेल.

रेकी सुरू होते ती पटकथेत. प्रत्येक आउटडोअर सीनसमोर चार गोष्टी लिहा: कथेतली वेळ, संवाद आहेत की नाहीत, सगळ्यात वाइड शॉट कोणता, आणि त्या शॉटमध्ये काय दिसायलाच हवं. यातली संवादाची नोंद सगळ्यात मोलाची. मुका सीन हमरस्त्याच्या कडेलाही उरकता येतो. चार ओळींचा संवाद आला की निम्म्या जागा आपोआप बाद होतात. दिग्दर्शकाला आणखी एक प्रश्न विचारून ठेवा. पटकथेत ‘नदीकाठ’ लिहिलंय, पण सीनला खरोखर पाणी हवंय की पुढे जायला वाट नाही अशी जागा हवीय? उत्तर दुसरं असेल तर कुंपण, जुनी खाण, पडकी भिंत, काहीही चालतं, आणि पाण्याजवळच्या शूटची सगळी डोकेदुखी टळते.

मग उपग्रह नकाशा. त्यावर उत्तर दिशा, जवळचा पक्का रस्ता, गाडी कुठवर जाते आणि आसपास शाळा, कारखाना, रेल्वेमार्ग आहे का, एवढं बघून घ्यायचं. विमानतळ जवळ असेल तर धावपट्टीची रेषा दोन्ही बाजूंना वाढवून बघा. आपली जागा त्या रेषेखाली येत असेल तर विमानं डोक्यावरून जाणार. वाऱ्याची दिशा बदलली की उतरण्या-चढण्याची दिशाही बदलते, त्यामुळे रेकीच्या दिवशी शांतता होती यावर विसंबू नका. नकाशावरचं चित्र कधीचं आहे तेही तपासा. मधल्या काळात तिथे इमारत उभी राहिलेली असू शकते.

प्रत्यक्ष जागेवर पहिला अभ्यास सूर्याचा. आकाशात तो तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दर ४ मिनिटांना १ अंश. आकडा किरकोळ वाटतो, पण झाडाखाली त्याचा हिसका कळतो. चेहऱ्यापासून ६ मीटर वर असलेल्या फांदीतून येणारा कवडसा ४ मिनिटांत साधारण १० सेंटिमीटर हलतो. पहिल्या टेकला गालावर असलेला उजेड तिसऱ्या टेकला कानामागे गेलेला असतो, आणि एडिटमध्ये दोन्ही शॉट शेजारी आले की चेहरा लुकलुकतो. फोटोत मोहक दिसणारी कवडशांची सावली संवादाच्या सीनसाठी जवळजवळ नेहमीच वाईट. दाट, एकसंध सावली शोधा, किंवा कलाकाराच्या डोक्यावर डिफ्यूजन धरायला स्टँड ठेवता येईल एवढी सपाट जागा आहे का ते बघा.

सूर्यमार्गासाठी सन सीकर, सन सर्व्हेयर, फोटोपिल्स यांसारखी ॲप आहेत. त्यात तारीख शूटची टाकायची, आजची नाही. विषुवदिनांच्या (मार्च आणि सप्टेंबरमधले दिवस-रात्र समान असणारे दिवस) आसपास सूर्यास्ताचा बिंदू क्षितिजावर झपाट्याने सरकतो, महिन्याभरात १२ अंश किंवा त्याहून जास्त. मार्चच्या सुरुवातीला दोन इमारतींच्या फटीत बरोबर मावळणारा सूर्य एप्रिलमध्ये भिंतीआड गेलेला असतो. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस तो बिंदू जवळजवळ जागेवरच राहतो. फोनचं होकायंत्र गाडीजवळ, लोखंडी कठड्याजवळ किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये सर्रास खोटं बोलतं, म्हणून धातूपासून दूर उभं राहून दिशा दोनदा घ्या आणि नकाशावरच्या रस्त्याशी ताडून बघा.

ॲपमधला सूर्यास्त सपाट क्षितिजासाठी असतो. समोर टेकडी असली की हिशेब बदलतो. हात सरळ ताणून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे १० अंश भरते. टेकडी क्षितिजाच्या एक मूठ वर असेल तर २० अक्षांशाच्या आसपास ऊन सूर्यास्ताच्या जवळपास ४० मिनिटं आधीच गेलं असं समजा. ४५ अक्षांशावर तासभर आधी. ‘गोल्डन अवर’ या नावावरही जाऊ नका. क्षितिजापासून ६ अंशांच्या आतलं सोनेरी ऊन धरलं, तर विषुवदिनाच्या सुमारास २० अक्षांशावर ते जेमतेम २५ मिनिटं टिकतं आणि ५० अक्षांशावर ३७ मिनिटं. त्या वेळेत एक वाइड, दोन क्लोज आणि एक रिटेक झाला तरी नशीब. कॉल शीटवर (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर) गोल्डन अवरसमोर अडीच पानांचा सीन लावणारा एडी (सहायक दिग्दर्शक) दिसला की त्याला आधी हा हिशेब दाखवावा.

खाली आलेला सूर्य सावल्याही लांबवतो. पावणेदोन मीटर उंचीच्या माणसाची सावली सूर्य ४५ अंशांवर असताना तेवढीच असते, २० अंशांवर पावणेपाच मीटरच्या आसपास जाते आणि १० अंशांवर १० मीटर. बूमवाला, रिफ्लेक्टरवाला आणि ट्रायपॉड यांच्या सावल्या फ्रेममध्ये येणार असतील तर कॅमेऱ्याची जागा बदलावी लागेल, आणि ती बदलायला बाजूला मोकळी जमीन आहे का हे रेकीतच कळायला हवं.

दोन माणसांच्या संवादासाठी मी एकच नियम पाळायला सांगेन. दोघांना जोडणारी रेषा सूर्याच्या दिशेला काटकोनात ठेवा आणि कॅमेरा सूर्याच्या विरुद्ध बाजूला. मग दोघांनाही मागून-बाजूने ऊन मिळतं, दोघांचे क्लोज जुळतात आणि समोरून रिफ्लेक्टरने भरता येतं. याचा अर्थ असा की सकाळच्या सीनची पार्श्वभूमी पूर्वेकडे हवी आणि दुपारनंतरच्या सीनची पश्चिमेकडे. जागेचा देखणा भाग चुकीच्या दिशेला असेल तर सीनची वेळ बदला. वेळ बदलता येत नसेल तर जागा सोडा.

सावलीत शूट करायचं ठरलं तरी मागे काय आहे ते बघावंच लागतं. कलाकार सावलीत आणि मागची भिंत लख्ख उन्हात असेल तर दोहोंत तीन-चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) फरक सहज पडतो, आणि मागचं सगळं जळून पांढरं होतं. सावलीच्या मागेही सावली हवी, नाहीतर गर्द झाडी किंवा काळपट दगड. रंगाचंही भान ठेवा. हिरवळीवर उभ्या माणसाच्या हनुवटीखाली हिरवट छटा येते, लाल विटांच्या भिंतीजवळ गाल तांबूस होतात. डोळ्यांना ते जागेवर जाणवत नाही, कारण मेंदू रंग दुरुस्त करून दाखवतो. पांढरा कागद चेहऱ्याजवळ धरून फोटो काढा, लगेच दिसेल.

उजेडाचा आकडेवारीतला भागही रेकीतच सोडवून टाकावा. भर उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/५० सेकंद असेल तर बरोबर एक्स्पोजरसाठी लेन्सचं छिद्र एफ/२२ च्या आसपास येतं. कॅमेऱ्याचा बेस आयएसओ ८०० असेल आणि मागचं धूसर करण्यासाठी एफ/४ वर राहायचं असेल तर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर आठ स्टॉपचा, म्हणजे २.४ चा हवा. तुमच्याकडे सहा स्टॉपचाच असेल तर एफ/८ वर अडकाल. मागची गजबज पुसली जाणार नाही. मग साधी, रिकामी पार्श्वभूमी असलेली जागा जास्त कामाची.

रेकीच्या फोटोंनी फसवणूक होते ती लेन्समुळे. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) हिशेबात साधारण २४ ते २८ मिमी लेन्ससारखा बघतो, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर १६ ते १८ मिमी. अंगण मैदानासारखं दिसतं आणि दूरचा डोंगर टेकाड होतो. त्यापेक्षा गणित करा: फ्रेमची रुंदी म्हणजे अंतर गुणिले सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ. सुपर ३५ किंवा एपीएस-सी सेन्सरची रुंदी २४ मिमी धरली तर २४ मिमी लेन्सवर जेवढं अंतर तेवढीच फ्रेमची रुंदी. ५० मिमीवर १० मीटरवरून ४.८ मीटर रुंद आणि १६:९ मध्ये २.७ मीटर उंच एवढी फ्रेम मिळते. ८५ मिमीवर माणूस पायापासून डोक्यापर्यंत, थोडी मोकळीक ठेवून घ्यायचा तर कॅमेरा १४ मीटर मागे न्यावा लागतो. त्या १४ मीटरांत गटार, कुंपण किंवा चालता रस्ता असेल तर तो शॉट तिथे होणार नाही, मग जागा कितीही आवडलेली असो. आर्टेमिस किंवा काड्राजसारखं व्ह्यूफाइंडर ॲप असेल तर हे जागेवरच दिसतं. नसेल तर मोजपट्टी आणि कागदही पुरतो. प्रत्येक फोटोत कलाकाराच्या जागी कोणालातरी उभं करा. रिकाम्या जागेच्या फोटोवरून कसलाच अंदाज येत नाही.

आता आवाज. विद्यार्थी युनिटं रेकीला साउंडवाल्याला नेत नाहीत, आणि मग शूटच्या दिवशी त्याच्यावरच वैतागतात. त्याला न्या, आणि सीनच्याच वेळेला न्या. हेडफोन लावून, डोळे मिटून दहा मिनिटं ऐकायचं आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं. मोकळ्या कानांवर विसंबता येत नाही, कारण ओळखीचा आवाज कान आपोआप गाळून टाकतात आणि माइक काहीच गाळत नाही. एकसारखा येणारा आवाज, उदाहरणार्थ दूरच्या हमरस्त्याची घरघर, फार मोठा नसेल तर चालतो; तो सगळ्या शॉटमध्ये सारखाच असतो आणि खालच्या घरघरीसाठी लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) आहे. येणारा-जाणारा आवाज जास्त वाईट, कारण एका शॉटमध्ये ट्रक आहे आणि दुसऱ्यात नाही, की कट ऐकू येतो. रेल्वेचं वेळापत्रक असतं, शाळेच्या घंटेचं असतं, ते लिहून घ्या आणि त्याभोवती टेक बसवा. अचानक भुंकणाऱ्या कुत्र्याचं वेळापत्रक नसतं. धबधबा आणि समुद्राच्या लाटा यांचा आवाज सगळ्या पट्ट्यांत पसरलेला असतो, त्यातून बोलणं वेगळं काढणं फार अवघड. तिथे संवाद ठेवूच नका. रातकिड्यांचाही तोच प्रकार. त्यांचा आवाज काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, नेमका ‘स’, ‘श’, ‘च’ जिथे असतात तिथे येऊन बसतो. दुपारच्या रेकीत ते ऐकू येत नाहीत आणि संध्याकाळी सातला एकदम सुरू होतात.

खरी चाचणी अशी: बूम तोंडापासून ६० सेंटिमीटरवर धरून सीनमधलीच ओळ कोणाकडून तरी बोलून घ्या. मग वाइड फ्रेममध्ये बूम जिथवर मागे जाईल तिथे, समजा दीड मीटरवर, न्या आणि पुन्हा बोलून घ्या. आवाज सुमारे ८ डेसिबलने खाली जातो, पण गोंगाट होता तेवढाच राहतो. दुसरं रेकॉर्डिंग ऐकवत नसेल तर त्या जागी वाइडमध्ये संवाद घेता येणार नाहीत, हे दिग्दर्शकाला शॉट डिव्हिजनच्या (सीन शॉटमध्ये विभागण्याच्या) वेळीच सांगून टाका. वाऱ्यासाठी माइकला केसाळ कव्हर लावता येतं, पण पानांच्या सळसळीवर त्याचा उपयोग नाही. वाळलेल्या पाचोळ्यावर चालायचं असेल तर फ्रेमबाहेरचा पाचोळा झाडून काढा किंवा जाड चादर अंथरा. जनरेटर लागणार असेल तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १० मीटरवरून ४० मीटरवर नेला की १२. तेवढी केबल आहे का आणि तिच्या वाटेत रस्ता येतो का, हे आत्ताच मोजा.

समुद्रकिनारा निवडला असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक नसताना तारीख ठरवू नका. बहुतेक किनाऱ्यांवर भरती आणि ओहोटी यांत सहा तासांहून थोडं जास्त अंतर असतं, आणि रोज ती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. रविवारी सकाळी आठला ओहोटीत रुंद, ओली वाळू बघून आलात आणि पुढच्या शनिवारी त्याच वेळेला गेलात, तर मधल्या सहा दिवसांत चक्र पाच तास पुढे गेलेलं असतं. म्हणजे रेकीत जिथे ट्रायपॉड ठेवायचं ठरलं तिथे गुडघाभर पाणी. वाळूवर आणि दव पडलेल्या गवतावर पावलांचे ठसे उमटतात, तेव्हा युनिटने कुठून यायचं ती वाट आखून ठेवा आणि वाइड शॉट सगळ्यांत आधी घ्या.

रात्रीच्या सीनसाठी रात्रीच जावं लागतं, याला पर्याय नाही. रस्त्यावरचे दिवे किती वाजता लागतात, मध्यरात्रीनंतर त्यांतले काही बंद होतात का, आणि कॅमेऱ्यात ते लुकलुकतात का ते बघा. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटर १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झचा असेल तर १/६०. काही स्वस्त एलईडी तरीही फडफडतात, म्हणून शूटचाच कॅमेरा नेऊन मिनिटभर रेकॉर्ड करा.

परवानगीत पहिला प्रश्न जागा कोणाची हा. कठडा एकाचा, त्यामागची जमीन दुसऱ्याची आणि समोरचा रस्ता पालिकेचा, असं अगदी नेहमी निघतं. तोंडी ‘करा की’ पुरत नाही. रखवालदाराची पाळी बदलली की ते विरून जातं. पत्रात तारीख, राखीव तारीख, वेळ, माणसांची संख्या, सामान, जागेत काय हलवणार आणि जाताना कसं पूर्ववत करणार हे लिहा, सही घ्या आणि शूटच्या दिवशी छापील प्रत खिशात ठेवा. महोत्सवांत किंवा पुढे वितरणाच्या वेळी लोकेशन रिलीजची (जागा फिल्ममध्ये दाखवायला मालकाच्या लेखी संमतीची) मागणी होऊ शकते, ती सही तेव्हा मिळवणं कठीण जातं. बऱ्याच सार्वजनिक जागी हातात धरलेल्या कॅमेऱ्याकडे कोणी बघत नाही, पण ट्रायपॉड उघडला की विचारणा सुरू होते. भिंतीवरचं चित्र किंवा चौकातलं शिल्प फ्रेममध्ये ठळक येणार असेल तर त्याचा कॉपीराइट वेगळा असतो, आणि याचे नियम देशागणिक बदलतात. ड्रोनचेही तसेच. सीनमध्ये खोटं पिस्तूल किंवा मारामारी असेल तर पोलिसांना आणि आसपासच्या लोकांना आधी कळवा. लांबून बघणाऱ्याला ते खोटं आहे हे कळत नाही आणि यात माणसं जिवानिशी जाऊ शकतात.

सोयींबद्दल थोडक्यात: स्वच्छतागृह चालत पाच मिनिटांत हवं, बॅटऱ्या आणि लॅपटॉप ठेवायला सावली हवी, कॅमेराही थेट उन्हात तापून बंद पडतो. गाडीपासून सेटपर्यंतचं अंतर सामान हातात घेऊन चालून बघा, रिकाम्या हाती नव्हे. फोनला नेटवर्क नसेल तर कुठल्या वळणावर येतं ते, अक्षांश-रेखांश आणि जवळचं रुग्णालय कॉल शीटवर लिहा. ओढ्याकाठी जागा असेल तर वर धरण आहे का, पाणी कधी सोडतात याची चौकशी करा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वादळ १० किलोमीटरच्या आत आहे. सगळे आत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही. आत म्हणजे कुठे, पक्की इमारत की बंद गाडी, हे ठरलेलं हवं.

दोन चांगल्या जागांत निवड करायची वेळ आली तर मी नेहमी थोड्या कमी देखण्या पण ऐसपैस जागेच्या बाजूने मत देईन. कारण एका जागेहून दुसरीकडे युनिट हलवलं की आवराआवर, प्रवास आणि पुन्हा मांडामांड यात दीड तास सहज जातो, आणि दिवसाच्या उजेडातला दीड तास म्हणजे चार-पाच शॉट. ज्या जागेच्या उत्तरेला झाडी, पूर्वेला पायवाट आणि मागे जुनी भिंत आहे, तिथे पन्नास पावलांत तीन लोकेशन निघतात. त्यात पाऊस आला तर शूट करता येईल असा एक आडोशाचा सीन त्याच आवारात बसला, तर राखीव तारखेची गरजही कदाचित पडणार नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात याचे नमुने खूप मिळतात, पण एवढं पुरतं: उत्तरेपासून सुरू करून आठ दिशांचे आठ फोटो, एक डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा आणि फांद्यांचा, एक खाली जमिनीचा, एक गाडी लावायच्या जागेचा. फाइलच्या नावात जागा, दिशा आणि वेळ. सोबत ते दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. पहिल्या रेकीला दोघं गेले तरी चालतात. पक्क्या झालेल्या जागी दिग्दर्शक, कॅमेरा, साउंड आणि एडी यांनी शूटच्याच वारी, शूटच्याच वेळेला एकदा एकत्र जावं. सोमवारची ओस जागा रविवारी खेळणाऱ्या मुलांनी भरलेली असते.

शूटच्या दोन दिवस आधी कोणीतरी पुन्हा एक चक्कर मारून यायचं आणि त्याच आठ दिशांना फोटो काढून जुन्यांशेजारी ठेवायचे. गवत कापलेलं असतं, भिंतीला नवा रंग लागलेला असतो, रस्ता खणून बॅरिकेड लावलेले असतात, समोरच्या इमारतीला परांची चढलेली असते. दोन दिवस हातात असतील तर कॅमेऱ्याची दिशा फिरवता येते, कलाकाराच्या कपड्यांचा रंग बदलता येतो किंवा यादीतल्या दुसऱ्या जागेच्या मालकाला फोन करता येतो. त्यासाठी त्याची सही पहिल्या जागेबरोबरच घेऊन ठेवलेली असावी.